लोकलमधली सुरक्षा : लोहमार्ग पोलीस, आरपीएफ आणि आपण

मुंब्रा, कौसा, कुर्ला, गोवंडी, मीरा रोड, नालासोपारा, पनवेल, तळोजा. या वस्त्यांमधल्या जवळजवळ प्रत्येक घरातून रोज कुणी ना कुणी लोकल पकडतो. कुणी मस्जिद बंदरच्या गोदामात, कुणी बीकेसीच्या ऑफिसात, कुणाची मुलगी कॉलेजला. मोबाईल गेला, धक्काबुक्की झाली, कुणी मुलीच्या मागे लागलं, तर घरी येऊन सांगतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. "पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं?" हे वाक्य आपल्या घरांमध्ये इतकं सहज बोललं जातं की त्याची किंमत किती आहे, याचा हिशेब कुणी करत नाही. या लेखात आम्ही तो हिशेब मांडतो आहोत. रेल्वेच्या हद्दीत कोण कशाला जबाबदार आहे, तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची, प्रवाशांनी पोलिसांसोबत मिळून काय करता येतं आणि काय करता येत नाही, आणि घरातल्या माणसाचा अपघात झाला तर पहिल्या काही तासांत काय सांभाळायचं, हे एका ठिकाणी असावं म्हणून.

दोन वर्द्या, दोन कामं

स्टेशनवर दिसणारा प्रत्येक खाकीवाला एकाच खात्याचा नसतो. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, हे महाराष्ट्र पोलीसच आहेत. ते राज्याच्या गृहखात्याखाली येतात, त्यांची स्वतःची पोलीस ठाणी असतात आणि मुंबईसाठी त्यांचं वेगळं आयुक्तालय आहे. चोरी, मारहाण, विनयभंग, खून, अपघाती मृत्यू, या सगळ्यांचा गुन्हा आणि तपास त्यांच्याकडे.

आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. हे केंद्राचं, रेल्वे मंत्रालयाचं दल. ते १९५७ च्या कायद्याने उभं राहिलं. रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांचं रक्षण, तसंच रेल्वे कायदा १९८९ खालचे गुन्हे त्यांच्याकडे येतात. रूळ ओलांडणं (कलम १४७), महिलांच्या डब्यात पुरुषाने शिरणं (कलम १६२), विनाकारण साखळी ओढणं (कलम १४१) अशी ती कलमं. याशिवाय होमगार्ड आणि महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवानही फलाटावर दिसतात. ते मदतीला असतात, गुन्हा नोंदवून घेण्याचा अधिकार त्यांना नाही.

हा फरक माहीत नसल्याने काय होतं? मोबाईल चोरीला गेलेला मुलगा आरपीएफच्या चौकीत जातो, तिथून त्याला लोहमार्ग पोलिसांकडे पाठवतात, तोवर कामावर जायची वेळ झालेली असते आणि तो तक्रारच सोडून देतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर काही घडलं तर ती हद्द आणखी वेगळी, शहर पोलिसांची.

फोन नंबर तीन लक्षात ठेवावेत. लोहमार्ग पोलिसांची हेल्पलाइन १५१२. रेल्वेची एकत्रित हेल्पलाइन १३९. पूर्वीचा १८२ नंबर २०२१ पासून यातच मिसळला आहे, तरी अजून कित्येकांच्या फोनमध्ये १८२ च सेव्ह केलेला सापडेल. आणि कुठूनही, कशासाठीही, ११२. हरवलेलं किंवा एकटं फिरणारं मूल दिसलं तर १०९८.

तक्रार नोंदवताना

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायला हवी. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे गाडीत कुर्ला आणि ठाण्याच्या मध्ये काही घडलं आणि आपण डोंबिवलीला उतरलो, तर डोंबिवलीत तक्रार देता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती मागून घ्यायची, लाजायचं नाही.

ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर त्याच कलमात पुढची वाट आहे : लेखी तक्रार वरिष्ठांकडे, मुंबईत लोहमार्ग पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. ऑनलाइन किंवा ईमेलने माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, नाही तर ती नोंद होत नाही.

मोबाईलच्या बाबतीत एक शब्द फार महत्त्वाचा. पोलीस कधी कधी "हरवला" असं लिहून दाखला देतात. दारात उभ्या असलेल्या मुलाच्या हातावर काठीचा फटका मारून फोन पाडला, किंवा गाडी सुटताना हिसकावून नेला, तर तो हरवलेला नाही. भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करण्याला आता स्वतंत्र कलम आहे, ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. "हरवला" लिहिलं की तपास होत नाही आणि त्या जागी फटका मारणारी टोळी आहे हे कागदावर कधी येतच नाही. कागदावर जिथे गुन्हा नाही, तिथे गस्तही येत नाही. पोलिसांची माणसं आकड्यांच्या मागे जातात, आपल्या घरातल्या बोलण्यामागे नाही. एफआयआर झाल्यावर संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकून तो बंद करता येतो. हा नंबर फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका.

आपल्या मुली, आपल्या बायका

महिलांच्या डब्यात रात्रीच्या वेळी पोलीस असतो, बऱ्याच गाड्यांत सीसीटीव्ही आहे, काहींमध्ये गार्डशी बोलण्याचं बटण आहे. तरी सगळ्यात जास्त त्रास गर्दीच्या वेळी, पुलावर आणि फलाटावर होतो. छेडछाड, पाठलाग, अश्लील हावभाव यांची कलमं न्याय संहितेत ७४ ते ७९ मध्ये आहेत आणि असा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. ठाण्यात महिला अधिकारी नसेल तर बोलवायला सांगावं.

आमच्याकडे येणाऱ्या बहिणींच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : त्रास झाल्याचं घरी सांगितलं की पहिला निर्णय होतो, उद्यापासून कॉलेज बंद. त्यामुळे मुली सांगतच नाहीत. त्रास देणारा त्याच वेळेला, त्याच पुलावर उभा राहतो आणि घरात मात्र मुलीची वाट बंद होते. वालिद किंवा भाऊ सोबत जाऊन तक्रार देतो, तिथे मुलीचं शिक्षण वाचतं. मध्य रेल्वेवर आरपीएफने 'स्मार्ट सहेली' नावाने रोज प्रवास करणाऱ्या महिलांचे व्हॉट्सअप गट केले, त्यात महिला जवानही असतात. आपल्या स्टेशनचा गट आहे का, हे आरपीएफ चौकीत विचारून मुलीला आणि आईला त्यात घालावं. बुरखा-नकाबमधल्या महिलांची ओळख पटवायची किंवा झडती घ्यायची असेल तर ती महिला पोलिसानेच, इज्जत राखून घ्यायची असते. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

भरवसा का कमी आहे

हा विषय टाळून लेख पुढे नेणं आम्हाला बरोबर वाटत नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी गेले. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. त्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली, आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षांनंतर मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर नाही आणि आत राहिलेल्यांना गेलेली वर्षं परत नाहीत. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये आरपीएफच्याच एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. त्याला बडतर्फ करून त्याच्यावर खटला भरला गेला. यानंतर कुणी म्हणालं की वर्दी बघून छातीत धडधडतं, तर त्याला हसता येणार नाही.

पण ऑगस्ट २०२४ मधली धुळे-मुंबई एक्स्प्रेसची घटना आठवा. मुलीकडे कल्याणला निघालेल्या एका वयस्कर बुजुर्गांना, डब्यात मांस आहे या संशयावरून, तरुणांच्या टोळक्याने मारलं, शिव्या दिल्या आणि वर व्हिडिओही काढला. व्हिडिओ पसरल्यावर पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि ठाणे लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आता विचार करा, मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ केला नसता तर? डबाभर लोक बघत होते. त्यातल्या एकाने १५१२ किंवा १३९ लावला असता तर पुढच्या स्टेशनवर पोलीस चढले असते.

अशा वेळी कामाला येईल अशी माहिती : महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीच्या मांसावर ती बंदी नाही. पण मुद्दा त्याही आधीचा आहे. सहप्रवाशाला आपली पिशवी उघडायला लावण्याचा, आधार कार्ड मागण्याचा, घोषणा द्यायला लावण्याचा कुठलाच अधिकार नाही. वाद घालत बसू नका, पुढच्या स्टेशनवर गर्दीत उतरा, डब्याचा नंबर लक्षात ठेवा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून धर्म, जात, भाषा अशा कारणाने कुणाला गंभीर जखमी केलं तर न्याय संहितेचं कलम ११७(४), जीव घेतला तर १०३(२) लागतं. तक्रारीत शिव्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा, कारण गुन्ह्याचं कारण त्या शब्दांतच असतं.

पोलिसांनी स्टेशनवर बॅग तपासायला थांबवलं तर मात्र तपासू द्यावी. नाव आणि ठाणं विचारायला हरकत नाही. अटक होत असेल तर अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी दिसायला हवी, घरच्यांना कळवायला हवं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं.

रोजचा डबा हाही मोहल्लाच

पोलीस आणि लोक यांनी एकत्र बसण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यात नेते कमी आणि गल्लीतली साधी माणसं जास्त होती, हिंदू-मुसलमान दोन्ही. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईतही नंतर त्याच धर्तीवर मोहल्ला कमिट्यांचं काम उभं राहिलं. त्यात गुपित काही नव्हतं. पोलिसाला गल्लीतली माणसं नावाने माहीत होती आणि गल्लीला पोलीस नावाने माहीत होता.

लोकलमध्ये हे जमेल का? आमच्या मते गल्लीपेक्षा सोपं आहे. तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा, वर्षानुवर्षं तीच माणसं. कोण कुठे चढतो, कोण आज आला नाही, हे डब्याला माहीत असतं. फलाटावरचा बूटपॉलिशवाला, स्टॉलवाला, हमाल दिवसभर तिथेच असतात. पाकीटमार त्यांना चेहऱ्याने ओळखू येतो. या माहितीला पोहोचायला ठिकाण नाही, एवढीच अडचण आहे.

ती ठिकाणं कागदावर आहेत. लोहमार्ग पोलीस ठाण्यांमध्ये शांतता समिती, महिला दक्षता समिती, पोलीस मित्र अशी रचना असते. रेल्वेकडे स्थानक सल्लागार समिती आणि विभागीय पातळीवर रेल्वे वापरकर्त्यांची सल्लागार समिती असते. ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत प्रवासी संघटना वर्षानुवर्षं काम करतात. यात आपली माणसं किती? ईदच्या आधी शांतता समितीच्या बैठकीला चार ट्रस्टी जातात, चहा पितात, फोटो निघतो. पण फलाटावरचा दिवा बंद आहे, शेवटच्या गाडीनंतर पुलावर पोलीस नसतो, अमुक वेळेला मुलींना त्रास होतो, हे बोलायला रोज प्रवास करणारा लागतो, ट्रस्टी नव्हे. आणि बाईच्या प्रवासाबद्दल बोलायला बाईच लागते. मशिदीच्या कमिटीने किंवा जमातीने नावं सुचवायची असतील तर रोजच्या प्रवाशांची सुचवावीत. प्रवासी संघटनेत सामील व्हावं. "आपली वेगळी संघटना" काढण्याची गरज आम्हाला वाटत नाही. डबा सगळ्यांचा आहे, तक्रारही सगळ्यांची एकत्र गेली तर वजन पडतं.

मर्यादाही स्पष्ट हव्यात. पोलीस मित्राचं ओळखपत्र गळ्यात आलं की काहींना ठाणेदार झाल्यासारखं वाटतं. अशा माणसाला झडतीचा अधिकार नाही, तिकीट विचारण्याचा नाही, हात उचलण्याचा तर अजिबात नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चोर पकडला म्हणून फलाटावर धोपटून काढणारी गर्दी स्वतः गुन्हा करत असते, आणि उद्या ती गर्दी आपल्याच कुणाला चोर समजू शकते. दरवाजा अडवून बाहेरच्यांना चढू न देणारे गटही यातच मोडतात. त्यात आपली पोरं कधी नसतात, असं म्हणणं खरं होणार नाही.

अपघात झाला तर

लोकलचा सगळ्यात मोठा धोका चोर नाही, गर्दी आहे. उपनगरी रेल्वेवर बहुतेक वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, त्यातली बरीच रूळ ओलांडताना. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. मेलेल्यांमध्ये एक लोहमार्ग पोलीस शिपाईही होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठाणे लोहमार्ग पोलिसांनी या प्रकरणी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. कागद नीट झाला तर जबाबदारी वरपर्यंत विचारता येते, हे यातून दिसलं.

घरात असा फोन आला की पहिला प्रश्न तदफीनचा असतो. जनाजा लवकर व्हावा, मय्यतीची चिरफाड होऊ नये, ही भावना आम्ही समजतो. म्हणून काही घरचे पोस्टमॉर्टम टाळण्यासाठी ओळखी लावतात. हे करू नका. रेल्वेतला मृत्यू हा अनैसर्गिक मृत्यू धरला जातो, त्याचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टम हेच पुढच्या सगळ्या हक्कांचे कागद असतात. वेळ वाचवायचा असेल तर दुसरी वाट आहे : नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टम करायला परवानगी दिली. खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं सोडून इतरांत हे करता येतं. रुग्णालयात तशी व्यवस्था आहे का, हे विचारायला मशिदीतला एखादा समजदार माणूस सोबत न्यावा आणि पोलिसांचे कागद लवकर पूर्ण करून घ्यावेत. तदफीन त्याच रात्री किंवा पहाटे होऊ शकते.

दुसरी गोष्ट तिकीट किंवा पासची. अंगावरच्या कपड्यांत, पाकिटात पास सापडला तर तो पंचनाम्यात लिहिला गेला पाहिजे. पास मोबाईलच्या अॅपमध्ये असेल आणि फोन फुटला असेल तर फोन फेकू नका, सिम जपून ठेवा. बँकेतून पासचे पैसे गेल्याची नोंदही कामाला येते. पण तिकीट सापडलं नाही म्हणून हक्क बुडाला असं नाही. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की केवळ तिकीट नसल्याने दावा फेटाळता येत नाही. वारसाने शपथपत्र दिलं की तो खरा प्रवासी नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. आणि चढता-उतरताना पडला, म्हणजे त्याचीच चूक, असं म्हणूनही रेल्वेला सुटता येत नाही.

कायदा असा आहे : गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली आठ लाख रुपये भरपाई मिळते, जखमीला दुखापतीच्या प्रमाणात. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, दारूच्या नशेतली अवस्था, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य आणि आजाराने आलेला मृत्यू यांना भरपाई नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्यालाही नाही, कारण तो गाडीतून पडलेला नसतो. म्हणून पंचनाम्यात "गाडीतून पडून" लिहिलं आहे की "रूळ ओलांडताना" हे वाचल्याशिवाय घरच्यांनी सही करू नये. मराठी वाचता येणारा एक माणूस त्या वेळी सोबत असायलाच हवा. सोबतचे प्रवासी, डब्यातले मित्र यांचे जबाब इथेच उपयोगी पडतात, त्यांची नावं आणि फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. इद्दतमध्ये बसलेल्या बाईला महिनाभराने ही माणसं शोधता येणार नाहीत.

दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात करायचा, मुंबई खंडपीठाचं कार्यालय सीएसएमटीला आहे. मुदत अपघातापासून एक वर्ष. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नये. पती किंवा पत्नी आणि मुलं, मयत अविवाहित असेल तर आई-वडील, तसंच मयतावर अवलंबून असलेले आई-वडील अर्ज करू शकतात. सोबत एफआयआर किंवा अपघाती मृत्यूची नोंद, पंचनामा, पोस्टमॉर्टम अहवाल, मृत्यूचा दाखला, नात्याचे पुरावे आणि बँक खातं लागतं. रुग्णालयाच्या दारातच भरपाईच्या निम्म्या रकमेवर सह्या घेणारे एजंट भेटतात. मय्यत घरी आणण्याच्या घाईत कोऱ्या कागदावर सही करू नका. वकील नंतरही मिळतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, मयताच्या बेवा पत्नीलाही, तो मोफत मिळतो.